गोगलगाय, पोटात पाय : मृदुकाय प्राण्यांचे शरीर आणि आपली प्रयोगशाळा



ज्या सरांच्या स्मृतिप्रीत्यर्थ शाळा ही व्याख्यानमाला चालवीत आहे, ते आम्हांला जीवशास्त्र शिकवीत. मी मात्र पुढे जन्मभर मराठी शिकवले. त्यामुळे व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा एखाद्या संतकवीवर किंवा बुऱ्हाणपुरातील मराठीच्या परंपरेवर बोलावे, असे प्रथम मनात आले. परंतु सरांच्या नावाने बोलायचे आणि सरांच्या विषयाकडे पाठ फिरवायची, हे काही मनाला पटले नाही. म्हणून आज मी एका अगदी क्षुद्र समजल्या जाणाऱ्या प्राण्याविषयी बोलणार आहे. तो प्राणी म्हणजे गोगलगाय, आणि तिच्याबरोबर शंख, शिंपले, कालवे, माकुल असा तिचा सगळा गोतावळा. प्राणिशास्त्रात ह्या समूहाला मॉलस्का म्हणतात आणि मराठीत मृदुकाय. ह्या प्राण्यांचे शरीर आतून पाहण्याची विद्या वर्गात कशी आली, ती आपल्या मातीतली कशी झाली आणि आज तिचे काय झाले आहे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

आरंभ माझ्या क्षेत्रापासूनच करतो. वरून गरीब दिसणाऱ्या आणि आतून भलत्याच असणाऱ्या माणसाला आपण 'गोगलगाय, पोटात पाय' म्हणतो. ही म्हण रचणाऱ्याने प्राणिशास्त्राचे पुस्तक पाहिले नव्हते, पण गोगलगाय मात्र नीट पाहिली होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉर्ज क्यूव्हिए ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ह्या प्राण्यांच्या गटाला ग्रीक शब्दांवरून जे नाव दिले, त्याचा अर्थही पोट आणि पाय असाच आहे. गॅस्ट्रोपोडा म्हणजे उदरपाद. पॅरिसमध्ये शवच्छेदनाच्या मेजावर बसलेला पंडित आणि आपल्या परसातल्या ओल्या भिंतीकडे पाहणारी आजी, दोघांनीही नेमकी तीच गोष्ट टिपली. निरीक्षणाला भाषेची अडचण नसते, हे मला प्रथम ह्या म्हणीने शिकवले.

आपल्या भाषेत ह्या प्राण्यांची वस्ती दाट आहे. कवडीमोल, फुटकी कवडी आणि कवडीचुंबक हे शब्द आपण रोज वापरतो. आक्रोशाला आपण 'शंख करणे' म्हणतो. तान्ह्या बाळाला शिंपीने दूध पाजण्याची रीत आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. अमरकोशाच्या वारिवर्गात शुक्ती, शंख, कंबू आणि शंबूक ही मंडळी ओळीने बसलेली आहेत. मात्र ह्या सर्व शब्दांत एक साम्य आहे. हे बहुतेक शब्द कवचाचे आहेत. आत राहणाऱ्या जिवाकडे आपली परंपरा फारशी वळली नाही. शंख फुंकला गेला, कवडी मोजली गेली, मोती अंगावर चढला. पण ज्याने ते घर बांधले, तो घरधनी बहुधा अनामच राहिला.

१९६६-६७ साली मी ह्याच शाळेत अकरावीत होतो. पावसाळा सरला की सर दोन-तीन मुलांना घेऊन राजघाटाकडे जात. तापीचे पाणी ओसरल्यावर काठच्या डबक्यांत आणि पाणवनस्पतींच्या आड मुठीएवढ्या गोगलगाई सापडत. बादली भरून त्या शाळेत येत. प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, तीन मेजे आणि मेण ओतलेल्या पत्र्याच्या ताटल्या. फॉर्मालिनचा वास डोळ्यांत झोंबत असे. गोगलगाय कशी उघडायची, हे सर प्रथम स्वतः करून दाखवीत. कवचाच्या तोंडापासून सुरुवात करून एकेक वळसा चिमट्याने तोडत वर जायचे, कवचाच्या मधल्या खांबाला चिकटलेला स्नायू अलगद सोडवायचा आणि प्राणी ताटलीत पाण्याखाली टाचण्यांनी पसरायचा. घाई केली की वरचा पातळ प्रावार फाटतो आणि आतले काहीच कळेनासे होते.

माझ्या हातून तो फाटला. सगळा लगदा झाला. वहीत आकृती तर हवी होती, म्हणून मी पुस्तकातली आकृती सुबकपणे उतरवली, अवयवांची नावे लिहिली आणि वही पुढे केली. सरांनी आकृती पाहिली, मग माझी ताटली पाहिली. आकृतीतल्या कल्ल्यावर बोट ठेवून त्यांनी विचारले, "हे तुझ्या ताटलीत कुठे आहे?" मी गप्प राहिलो. सरांनी आकृतीवर फुली मारली नाही. तिच्याखाली फक्त 'पुस्तकावरून' असा शब्द लिहिला आणि वही परत दिली. तो शब्द मला आयुष्यभर पुरला. पुढे पीएच्.डी.च्या प्रबंधात दुसऱ्याच्या ग्रंथातून एखादे अवतरण घेताना, मूळ पोथी स्वतः पाहिली आहे की नाही, असे विचारणारा तो शब्द दर वेळी समोर उभा राहिला.

'पुस्तकावरून' ही एकट्या माझी चूक नव्हती. सबंध देशाच्या विज्ञानशिक्षणाचा तो दीर्घकाळचा दोष होता, आणि तो कसा दूर झाला हीच आजच्या कथेची मध्यवर्ती घटना आहे.

हा इतिहास थोडा मागून पाहू. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने माकुलासारख्या समुद्री प्राण्यांचे शरीर उघडून त्यांचे वर्णन केले आणि सोबत आकृत्याही असल्याचा उल्लेख केला. सतराव्या शतकात यान स्वामरडाम ह्या डच अभ्यासकाने गोगलगाईचे इतके बारकाईने विच्छेदन केले की, एकाच प्राण्यात नर आणि मादी अशी दोन्ही अंगे असल्याचे त्याच्या चित्रांतून दिसून आले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७३७-३८ मध्ये प्रसिद्ध झाला. १८१७ मध्ये क्यूव्हिएचे मृदुकाय प्राण्यांच्या शरीररचनेवरील लेख ग्रंथरूपाने आले. परंतु हे सर्व पंडितांचे काम होते. सामान्य विद्यार्थी तोपर्यंत व्याख्यान ऐके आणि पाठ करी.

विद्यार्थ्याच्या हाती चाकू-चिमटा देण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात टॉमस हेन्री हक्सली ह्यांच्याकडे जाते. १८७१ च्या उन्हाळ्यात लंडनमध्ये साउथ केन्सिंग्टन येथे त्यांनी शाळाशिक्षकांसाठी वर्ग घेतला. त्यात ऐकणे कमी आणि हाताने करणे अधिक होते. १८७५ मध्ये त्यांनी एच. एन. मार्टिन ह्यांच्यासह प्रात्यक्षिक जीवशास्त्राचे पुस्तक काढले. प्राण्यांच्या प्रत्येक मोठ्या गटातला एक नमुना घ्यावा, तो पुरता समजून घ्यावा आणि त्यावरून गटाची ओळख करून घ्यावी, ही त्यांची पद्धत होती. मृदुकायांसाठी त्यांनी गोड्या पाण्यातला शिंपला निवडला. तळ्यात सहज मिळणारा प्राणी घ्यावा, हे त्यामागचे साधे शहाणपण होते.

ही पद्धत भारतात आली, पण तिच्यातले शहाणपण बोटीतच राहिले. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास विद्यापीठांची स्थापना १८५७ मध्ये झाली. पुढे प्राणिशास्त्राचे वर्ग निघाले, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. परंतु क्रमिक पुस्तके इंग्लंडची आणि त्यांतले प्राणीही तिकडचेच. युरोपातल्या मळ्यांतली हेलिक्स ही गोगलगाय आमची मुले पाठ करीत. आता ह्यातला घोटाळा पाहा. हेलिक्स जमिनीवर राहते, तिला कल्ला नसतो, कवचाच्या तोंडाशी कायमचे झाकण नसते आणि एकाच प्राण्यात नर-मादी दोन्ही असतात. आपल्या डबक्यातली गोगलगाय, जिला शास्त्रात पायला म्हणतात, ती पाण्यात राहते, तिला कल्ला असतो, दाराला घट्ट बसणारे झाकण असते आणि नर व मादी वेगळे असतात. म्हणजे पुस्तक तोंडपाठ असलेला हुशार विद्यार्थी समोरच्या गोगलगाईविषयी प्रत्येक उत्तर चुकीचे देणार आणि परीक्षेत मात्र पहिला येणार!

ह्या अवस्थेवर उपाय करणारी माणसे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुढे आली. १९१६ मध्ये नेल्सन ॲनन्डेल ह्यांच्या पुढाकाराने कलकत्त्यास भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था, म्हणजे झूलॉजिकल सर्व्हे, स्थापन झाली. तेथे बेनी प्रसाद ह्या पंजाबी शास्त्रज्ञाने भारतातल्या गोड्या पाण्यातील मृदुकायांचा अभ्यास हाती घेतला. पुढे ते त्याच संस्थेचे संचालक झाले. १९२५ मध्ये पायला ग्लोबोसा ह्या गोगलगाईच्या शरीररचनेवर त्यांचा सविस्तर निबंध इंडियन म्युझियमच्या ग्रंथमालेत निघाला. इकडे लखनौ विद्यापीठात कर्म नारायण बहल ह्यांनी एक मोठा संकल्प सोडला. भारतीय विद्यार्थ्याने भारतीय प्राणी उघडून शिकावे आणि त्यासाठी एकेका भारतीय प्राण्यावर एकेक पुस्तक असावे, हा तो संकल्प. ह्या मालेतले गांडुळावरचे पहिले पुस्तक १९२६ मध्ये स्वतः बहल ह्यांनी लिहिले. १९३२ मध्ये बेनी प्रसाद ह्यांचे पायलावरचे पुस्तक त्याच मालेत आले, आणि पुढच्या कितीतरी पिढ्यांच्या प्रात्यक्षिकांचा तोच पाया झाला.

ह्या मालेत आपल्या अगदी जवळचा एक दुवा आहे. १९३७ मध्ये निघालेले गोड्या पाण्यातल्या कोळंबीवरचे पुस्तक एस. एस. पटवर्धन ह्यांचे होते, आणि ते नागपूरच्या सायन्स कॉलेजात काम करीत. त्या काळी आपले बुऱ्हाणपूर मध्यप्रांतातल्या निमाड जिल्ह्यात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. पण १९२३ मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाचे विद्याधन ह्या गावापर्यंत पोहोचत होते. सरांच्या कपाटातली दोन पुस्तके मला आठवतात, पायला आणि कोळंबी. त्यांच्या कडांना मेणाचे आणि पाण्याचे डाग होते. ती पुस्तके ताटलीशेजारी उघडी ठेवून वापरली जात होती, ह्याची ती खूण होती.

ताटलीत दिसे तरी काय? डोक्यामागची पोकळी उघडली की उजवीकडे फणीच्या दातांसारखा कल्ला आणि डावीकडे हवेची पिशवी, म्हणजे फुप्फुसच. पाण्यात असताना कल्ल्याने आणि पाणी कमी झाले की फुप्फुसाने श्वास घेणारा हा प्राणी आहे. उन्हाळ्यात तळे आटले की तो चिखलात शिरतो, दाराला झाकण लावतो आणि पाऊस येईपर्यंत निपचित पडून राहतो. निमाडचा वैशाख ज्याने सोसला आहे, त्याला ह्या व्यवस्थेचे महत्त्व निराळे सांगायला नको. तोंडात एक पट्टी असते, तिच्यावर आडव्या रांगांत बारीक दात आणि प्रत्येक रांगेत सात. ती पट्टी काढून काचेवर ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली दात मोजायचे, हा परीक्षेतला ठरलेला प्रश्न असे. रक्तात लोहाऐवजी तांबे असल्यामुळे हवा लागली की त्याला निळसर छटा येते. आणि सर्वांत मोठे नवल म्हणजे पीळ. भ्रूणावस्थेत ह्या प्राण्याचे आतले अंग अर्धे वर्तुळ फिरते. त्यामुळे गुदद्वार मागे न राहता डोक्याजवळ येते आणि मज्जातंतूंची जोडी इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी पिळली जाते. तो आठ ताटलीत शोधून दाखवणे ही बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याची कसोटी मानली जाई.

आता पुन्हा भाषेकडे वळतो. त्या दात असलेल्या पट्टीला शास्त्रात रॅड्यूला म्हणतात. हिंदी पाठ्यपुस्तकांत तिला 'रेतीजिह्वा' म्हटले आहे. हिंदीत रेती म्हणजे लोहाराचे घासण्याचे हत्यार. मराठीत रेती म्हणजे वाळू. आमच्या वर्गात मराठी आणि हिंदी अशा दोन्ही घरांतली मुले होती. त्यामुळे हा शब्द ऐकून निम्म्या वर्गाला हत्यार दिसले आणि निम्म्या वर्गाला वाळू. सरांनी फळ्यावर 'कानस' हा शब्द लिहिला, मग खिशातून खरीच कानस काढली आणि ती खडूवर घासून दाखवली. शेवाळ कसे खरवडले जाते, ते कोणत्याही शब्दकोशाशिवाय दोन्ही बाजूंना कळले.

परिभाषेचा प्रश्न त्या काळी ह्या प्रदेशात ऐरणीवर होता. डॉ. रघुवीर ह्यांनी आपली संस्था १९४६ मध्ये नागपूरला आणली आणि संस्कृत धातूंवरून हजारो शास्त्रीय शब्द घडवले. त्या शब्दांची पुष्कळ थट्टा झाली, पण त्यामागची तळमळ खरी होती. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्याची स्थापना झाल्यावर भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ह्यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. मृदुकाय, प्रावार, क्लोम हे शब्द आज मराठीत निःशंकपणे वापरता येतात, ते अशा कामामुळेच. तरीही माझा अनुभव असा की, शब्द कोशातून येतो, पण त्याला जीव मिळतो तो वस्तू हातात घेतल्यावर. क्लोम हा शब्द ज्याने पाण्याखाली हलणारी ती फणी पाहून शिकला, तो तो कधीच विसरत नाही.

कोणी विचारील, गोगलगाईचे पोट जाणून माणसाच्या पदरात काय पडते? ह्याचे उत्तर मी कोकणातून आणतो. रत्नागिरी जिल्ह्यातल्या गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. तेथे लोकांना लघवीवाटे रक्त जाण्याचा विकार आढळला. डॉ. आर. के. गाडगीळ आणि डॉ. एस. एन. शाह ह्यांनी १९५२ मध्ये दाखवून दिले की, हा शिस्टोसोमा नावाच्या परजीवी कृमीचा रोग आहे. हा रोग आफ्रिकेत सर्वज्ञात होता, पण तो आपल्या मातीत रुजल्याची शंका कोणाला नव्हती. ह्या कृमीचे जीवनचक्र विलक्षण आहे. रोग्याच्या लघवीतून अंडी पाण्यात जातात, त्यांतून निघालेली पिल्ले विशिष्ट गोगलगाईच्या अंगात शिरतात, तिच्या आतल्या ग्रंथींत वाढतात आणि पुन्हा पाण्यात येऊन माणसाच्या कातडीतून आत घुसतात. मधली गोगलगाय नसेल तर ही साखळीच तुटते. मग गिमवीत ती गोगलगाय कोणती? अभ्यासाअंती फेरिसिया टेन्युइस ही काही मिलिमीटरांची, टोपीसारख्या कवचाची गोगलगाय ह्या साखळीतला दुवा ठरली. पाण्यातल्या पानाला चिकटलेला तो ठिपका सामान्य माणसाला दिसणारही नाही. तो दिसला, कारण पाहणाऱ्यांची नजर तयार होती, आणि अशी नजर मेणाच्या ताटलीपुढेच तयार होते. गुराढोरांच्या यकृतातल्या पानकृमीची गोष्टही अशीच आहे. त्याचाही प्रवास गोगलगाईच्या अंगातूनच होतो. तापीकाठच्या शेतकऱ्याला हे ठाऊक असणे ही चैनीची गोष्ट नाही.

मराठवाड्यातही हे काम झाले. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात प्राध्यापक आर. नागभूषणम् आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी शिंपल्यांच्या शरीरव्यापारावर दीर्घकाळ संशोधन केले. बाहेरच्या जगात माकुलाच्या जाड मज्जातंतूवर काम करून हॉजकिन आणि हक्सली ह्यांनी मज्जासंदेशाचे रहस्य उलगडले आणि त्यांना १९६३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हे हक्सली म्हणजे आपल्या कथेतल्या हक्सलींचेच नातू. समुद्री गोगलगाईच्या साहाय्याने स्मृतीचा शोध घेणाऱ्या एरिक कँडेल ह्यांना तोच मान २००० मध्ये मिळाला. माणसाला आठवते कसे, हे गोगलगाईने सांगावे, ह्यात केवढा विनय शिकण्यासारखा आहे!

आता कथेचा शेवटचा आणि अवघड भाग. ज्या ताटलीचे मी इतके गुणगान केले, ती आज कपाटात गेली आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० चाच आहे, आणि पुस्तके, प्रतिकृती किंवा चित्रपट ह्यांनी काम भागत असेल तेथे प्राण्यांवरचे प्रयोग टाळावेत, हा विचार त्यातच होता. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये महाविद्यालयांतील विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याची मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०१४ मध्ये ते पूर्णपणे थांबवण्याची सूचना दिली. आता विद्यार्थी पडद्यावर गोगलगाय उघडतो.

माझ्या पिढीतले पुष्कळ लोक ह्यावर हळहळतात. मी त्यांच्यात पूर्णपणे नाही. बादलीतून आणलेल्या त्या सर्व गोगलगाईंपैकी कितींपासून आम्ही खरोखर काही शिकलो? माझी तर पहिली गोगलगाय मी अक्षरशः वाया घालवली, आणि वर खोटी आकृती काढली. एक जीव गेला आणि ज्ञान पुस्तकातूनच आले. हा हिशेब मला आज लाज वाटावी असाच आहे. दर वर्षी हजारो मुलांनी तीच गोष्ट पाहण्यासाठी हजारो प्राणी मारावेत, ह्याचे समर्थन मी करणार नाही.

परंतु तितक्याच ठामपणे दुसरी गोष्ट सांगितली पाहिजे. विच्छेदन बंद झाले म्हणजे निरीक्षण बंद झाले, असे होता कामा नये. पडद्यावरची गोगलगाय कधी फाटत नाही, तिचा कल्ला नेहमी ठरलेल्या जागी असतो आणि ती प्रत्येक विद्यार्थ्याला एकसारखीच दिसते. ती एक उत्तम आकृती आहे, पण अखेर ती 'पुस्तकावरून' आहे. हेलिक्स पाठ करणाऱ्या जुन्या विद्यार्थ्याची आणि फक्त पडदा पाहणाऱ्या नव्या विद्यार्थ्याची अवस्था फार वेगळी नाही. दोघांनीही तापीतली गोगलगाय पाहिलेली नाही.

म्हणून शाळेपुढे मी एक लहानशी सूचना ठेवतो. प्रयोगशाळेत काचेची एक पेटी असावी. तिच्यात तापीकाठची चिखलमाती, पाणवनस्पती आणि दोन-चार जिवंत गोगलगाई असाव्यात. मुलांनी त्या काचेवरून सरकताना त्यांचा पोटातला पाय खालून पाहावा, काचेवरचे शेवाळ खरवडणारी ती कानस पाहावी, हवा घेण्यासाठी वर येणारी डावीकडची नळी पाहावी, ओल्या मातीत घातलेली अंडी मोजावीत आणि मग सर्व गोगलगाई पुन्हा नदीत सोडून द्याव्यात. नदीकाठी पडलेली रिकामी कवचे गोळा करून, एखादे उभे कापून मधला खांब पाहता येईल. ह्यात कोणाचाही जीव जात नाही. आकृती मात्र स्वतः पाहून काढावी आणि प्रत्येकाने तिच्याखाली प्रामाणिकपणे लिहावे : 'पाहून' किंवा 'पुस्तकावरून'. शिवाय घरी आजी-आजोबांना विचारून शंख-शिंपल्यांचे मराठी, निमाडी आणि हिंदी शब्द वहीच्या मागच्या पानावर टिपावेत. सीमेवरच्या शाळेला हे दुहेरी धन सहज मिळते; ते मुंबई-पुण्याच्या शाळांना मिळत नाही.

सरांनी लिहिलेल्या त्या एका शब्दाची वही माझ्याकडे आजही आहे. व्याख्यानाच्या तयारीसाठी ती काढली, तेव्हा लक्षात आले की पुढच्याच पानावर आणखी एक आकृती आहे. रेघा वाकड्या आहेत, प्रमाण चुकले आहे, कल्ला ओळखू येतो एवढेच. सरांनी दुसऱ्या आठवड्यात मला पुन्हा एक गोगलगाय दिली होती, हे मी विसरूनच गेलो होतो. त्या वेड्यावाकड्या आकृतीखाली त्यांच्या अक्षरांत लिहिले आहे : 'पाहून'. आणि त्याखाली पूर्ण गुण.

ते गुण देणाऱ्या सरांच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.